साडेतीन मिलिमीटरचे ठसे

दादा प्रदर्शनाला येऊन गेला.

हे वाक्य इथेच खोडू. तुम्ही ते वाचलं नाही, मी ते लिहिलं नाही आणि मंडळाच्या दफ्तरात तर तशी नोंदच नाही. दादा आलेला नाही. गेली तीन वर्षं तो कुठेच आलेला नाही, आणि न येण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा मला तरी कोणी माहीत नाही. तेव्हा दादा आलेला नाही, इथून सुरुवात.

आमच्याकडे एक लघुदेखावा मंडळ आहे. लघुदेखावा म्हणजे टेबलावर मावेल एवढं जग. घरं, झाडं, रस्ते, माणसं, सगळं खऱ्याच्या बहात्तर पट लहान. खरा माणूस बहात्तरने भागला की साधारण सव्वादोन सेंटिमीटर उरतो. बऱ्याच माणसांच्या बाबतीत तेवढं पुरतंही.

मंडळाचे सभासद अठरा. त्यातले अकरा रणगाडेवाले. हे लोक फक्त रणगाडे करतात आणि उरलेलं आयुष्य त्यांना खरा वाटेल असा चिखल लावण्यात घालवतात. अध्यक्ष त्यांच्यातलेच, व्यवसायाने दाताचे डॉक्टर. चार आगगाडीवाले आहेत. एक बाई फक्त स्वयंपाकघरं करतात, आणि त्यांच्या एकाही स्वयंपाकघरात आजवर कोणी माणूस शिरलेला नाही. उरलेले दोघं म्हणजे दादा आणि मी. दादा तीन वर्षांत एकाही बैठकीला आला नाही, तरी त्याचं नाव यादीत आहे. नाव काढायला ठराव लागतो, ठरावाला सगळ्या अठरा सभासदांची हजेरी लागते, आणि अठरा भरायला दादा लागतो.

आमची दोघांची वाटणी लहानपणीच झाली होती. जमीन दादाची, माणसं माझी. डोंगर, घरं, गटारं, दिव्याचे खांब हे त्याचं खातं. त्यावर कोण उभं राहणार, कोणाच्या अंगावर काय असणार, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे माझं. टेबलाच्या मधोमध चिकटपट्टी लावलेली होती. डावीकडे प्लास्टर, उजवीकडे ब्रश. एखादं माणूस रंगवून झालं की मी ते चिमट्याने पट्टीपलीकडे द्यायचो, आणि ते कुठे, कसं रोवायचं ते दादा बघायचा. त्यात मी कधी लक्ष घातलं नाही. माझ्या माणसांचे पाय जमिनीला लागतात कसे, हे मला सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

दिवसा मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणतं, "अंधुक दिसतंय." मी म्हणतो, "बरोबर आहे." मग काच बदलतो.

तर तीन वर्षांपूर्वी दादाची नोकरी गेली. त्याने ते घरात सांगितलं नाही. आई-बाबा आता नाहीत, त्यामुळे घरात म्हणजे वहिनीला आणि मला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीने भरलेला डबा घेऊन तो निघायचा आणि पलीकडच्या बागेत जाऊन बाकावर बसायचा. मला कळलं ते योगायोगाने. एका आजोबांचा चष्मा पोचवायला मी त्या बागेवरून चाललो होतो. दादाने मला पाहिलं नाही. तो डबा उघडून बसला होता आणि समोरच्या कुत्र्याला काहीतरी मुद्देसूद समजावून सांगत होता. कुत्र्याला ते पटत होतं असं दिसलं.

अशा वेळी शहाणा माणूस शेजारी जाऊन बसला असता. मी घरी आलो आणि दादाला रंगवायला घेतलं.

त्या वर्षी प्रदर्शनाचा विषय होता सार्वजनिक बाग. दादाची बाग तयार होती: हिरवळ, कारंजं, चार बाक. माझी माणसंही त्याने रोवली होती. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, तो चहा घ्यायला गेला तेव्हा, मी एक जास्तीचा माणूस खिशातून काढून बाकावर चिकटवला. सव्वादोन सेंटिमीटरचा, म्हणजे बसलेला असल्यामुळे त्याहून कमी. निळा शर्ट, मांडीवर डबा, पुढ्यात कुत्रा. माझा हिशेब असा की दादा परत येईल, बघेल, चमकेल, मग हसेल, मग मी हसेन, आणि मग तो मला सगळं सांगेल. आमच्या घरात गंभीर बोलणं असंच निघायचं. आधी कोणीतरी वेडेपणा करायचा.

दादाच्या आधी वहिनी आली.

तिने वाकून एकेक माणूस पाहिला, पिशवीवाल्या बाईचं कौतुक केलं आणि मग बाकाशी थांबली. चेहरा तिला ओळखू आला नसता. एवढ्या आकारात चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. पण आमच्या डब्याचं झाकण सैल होतं, म्हणून वहिनी त्याला रोज लाल रबर लावायची, आणि मी एका केसाच्या ब्रशने ते लाल रबर काढलं होतं. माझं काम चोख असतं.

"हा माझा डबा आहे," वहिनी म्हणाली.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच झालं. वहिनीने विचारलं, दादाने उत्तर दिलं नाही, म्हणजे दिलंच. रणगाडेवाले आपापल्या रणगाड्यांकडे निरखून बघायला लागले. दादाने तो बाकावरचा माणूस नखाने उपटून खिशात टाकला. मला तो एवढंच म्हणाला, "माणसं तुझ्याकडे दिली होती. मी स्वतःला नव्हतं दिलं."

दोन महिन्यांनी त्याला गाडीने चार तासांवरच्या शहरात काम मिळालं आणि दोघं गेले. वहिनी अधूनमधून फोन करते. तिचं म्हणणं, तिला कळलं ते बरंच झालं. फक्त असं कळायला नको होतं, सगळ्या गावासमोर, बहात्तर पट लहान होऊन. दादा फोन करत नाही. जाताना त्याने हत्यारं नेली, प्लास्टर नेलं, जाळीच्या चाळण्या नेल्या. चिकटपट्टी तेवढी राहिली.

घरात आता तीन खोल्या आणि मी. एका खोलीत मी राहतो, दुसरीत जातो आणि तिसरीचं दार महिन्यातून एकदा उघडून लावतो, बिजागऱ्या गंजू नयेत म्हणून. टेबलावर मी अजून उजव्या बाजूलाच बसतो. जेवतोही तिथेच. डाव्या बाजूला चहाचा कपसुद्धा ठेवत नाही. कोणाची मनाई आहे असं नाही. मनाई करायला तरी कोणी असावं लागतं.

तीन वर्षं मी जमिनीशिवाय माणसं रंगवली. एकशे चाळीसेक झाली असतील. ती बुटांच्या खोक्यात आडवी आहेत. रात्रपाळीची परिचारिका आहे, जिना चढणारे म्हातारे आहेत, काहीच करत नसलेला एक पोलीस आहे. उभं राहायला कोणालाच जागा नाही, त्यामुळे भांडणंही नाहीत.

यंदा विषय निघाला हिवाळा. त्यातही बर्फाचा. आमच्याकडे बर्फ पडतो तो फ्रिजमध्ये, आणि तोही दार नीट लागलं नाही तरच. पण ज्या गोष्टी इथे होत नाहीत त्या टेबलावर तरी व्हाव्यात यासाठीच मंडळ स्थापन झालं आहे, असं अध्यक्ष म्हणाले. बर्फ कशाचा करावा यावर दोन बैठका झाल्या. खायचा सोडा झकास दिसतो, पण सहा महिन्यांत पिवळा पडतो, आणि पिवळ्या बर्फाबद्दल लोकांचे काही पक्के समज असतात. मिठाचा बर्फ दमट हवेत रडतो. एका आगगाडीवाल्याने एके वर्षी पिठीसाखर वापरली होती. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी त्याचं अख्खं स्टेशन व्यवस्थित मोकळं करून दिलं. शेवटी संगमरवराच्या पुडीवर एकमत झालं. कबरींचे दगड कापणाऱ्याकडे ती पोत्याने पडलेली असते. तो म्हणाला, न्या हवी तेवढी, तुम्ही आता घेऊन जाणारे पहिलेच, बाकी सगळे ठेवून जातात.

मी ठरवलं की यंदा जमीनही मीच करायची. देखावा काय असणार ते मला आधीच दिसलं होतं. लहानसा चौक, एक घर, एक दिव्याचा खांब, दोनचार जाणारे-येणारे. आणि एक बाक. बाकावर मी. दादाच्या जागी, मांडीवर हात ठेवून, सगळ्यांनी बघावं असा. मी त्याला बाकावर बसवलं होतं, तर आता मी बसतो. तोंडाने माफी मागायला गेलो की माझ्या तोंडून तिसऱ्या वाक्याला काहीतरी विनोद निघतो, म्हणून हे. फक्त ते दादाने येऊन बघायला हवं होतं. फोटोत नाही. वाकून.

पहिली टेकडी केली ती जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी दिसत होती. ती फोडली. दुसरीचंही पोट वर आलं. शेवटी मी चौक सपाट केला. बरेच चौक सपाट असतात. घराला दार बसवलं ते उघडत नाही, पण मला त्यात जायचं नव्हतं. स्वतःचा चेहरा रंगवायला नऊ दिवस लागले. आरसा समोर ठेवला, आरशाला भिंग लावलं, आणि नवव्या दिवशी दोन ठिपके आणि एक रेघ यांच्यावर समाधान मानलं.

हे सगळं मी चिकटपट्टीच्या उजव्या अंगालाच केलं. देखाव्याखालचा पाट अर्धा मांडीवर यायचा.

कामाचे फोटो मी वहिनीला पाठवत होतो. एके दिवशी तिचा फोन आला.

"तुझे फोटो तो बघतो," ती म्हणाली. "बोटांनी मोठे करकरून बघतो. परवा म्हणाला, दिव्याचा खांब तिरका आहे."

"तिरका नाहीये."

"आहे रे. मलाही दिसला."

मी खांब सरळ केला. तीन वर्षांत दादाने मला सांगितलेली ती पहिली गोष्ट. म्हणून थोड्या वेळाने तो परत थोडासा तिरका करावा असंही वाटलं, बघू पुन्हा काही म्हणतो का.

मग मी विचारलं, "शनिवारी येईल का तो?"

"तू बोलावलंस तर नाही येणार."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर त्याला कोणी बोलावलेलंच नसेल ना. मग कसा येईल?"

दोन्ही बाजू तिने इतक्या पक्क्या बंद केल्या की कौतुक वाटलं. दादाबरोबर राहून माणूस असा होतो. यातून वाट म्हणून मी नुसता छापील कार्यक्रमपत्रिकेचा फोटो पाठवला, वर एक अक्षर न लिहिता. दार दहाला उघडेल. परीक्षकांची पहिली फेरी अकराला, दुसरी तीन वाजून दहा मिनिटांनी. दोन्ही फेऱ्या पंधरा मिनिटांच्या. फेरीच्या वेळी स्पर्धकांनी सभागृहाबाहेर थांबावे, प्रेक्षकांस प्रवेश खुला राहील. वहिनीकडून उलट एक अंगठा आला. तो कोणाचा अंगठा होता हे कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी मी बर्फ पाडला. चहाच्या गाळणीतून पूड, वरून अत्तराच्या जुन्या बाटलीतून पातळ गोंदाचा फवारा, पुन्हा पूड, पुन्हा फवारा. तीन थर झाले. बर्फ सुरेख पडला. घराच्या पन्हाळीवर, खांबाच्या टोपीवर, बाकाच्या पाठीवर. काडीचाही ओरखडा नाही. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. शेवटी चिमटा घेतला आणि पोस्टमन, पिशवीवाली बाई, छत्रीवाला यांना एकेक थेंब गोंद लावून वर ठेवून दिलं. शेवटी मला, बाकावर.

यात चूक काय झाली ते ज्याने एकदा तरी देखावा केला आहे त्याला आत्ताच कळलं असेल. मला शनिवारी दुपारी कळलं.

शनिवारी सकाळपासून मी दाराकडे तोंड करून उभा होतो. दाराशी एका रणगाडेवाल्याची बायको टेबल मांडून बसली होती. प्रेक्षक मोजणं तिच्याकडे होतं. ती विणत होती आणि प्रत्येक माणसामागे एक टाका घालत होती. स्वेटर त्या दिवशी फारसा वाढला नाही. मी प्रत्येकाचं चालणं बघत होतो. दादाचा उजवा पाय चालताना बाहेर वळतो, घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाल्यासारखा. दुपारपर्यंत सगळे पाय सरळ आले.

पहिल्या फेरीनंतर प्रत्येक टेबलावर परीक्षकांचा शेरा लावला जातो. माझं टेबल अठरावं, कोपऱ्यातलं, खांबाआड. शेरा असा होता: "रंगकाम उत्तम. परंतु माणसे बर्फावर आली कशी? एकाही पावलाचा ठसा नाही. वरून सोडल्यासारखी वाटतात."

मी वाकून बघितलं. खरंच होतं. चौकभर कोरा बर्फ आणि त्यावर चार माणसं, वजन नसलेली. पोस्टमन पत्रं घेऊन कुठूनच आलेला नव्हता. बाई बाजारातून आलेली नव्हती. मी तर बाकापर्यंत चालतही गेलो नव्हतो. माणूस आधी रोवायचा असतो, मग त्याच्याभोवती बर्फ पाडायचा आणि मग बर्फात ठसे काढायचे, हे तेव्हा मला उमगलं. पट्टीपलीकडे दादा इतकी वर्षं हेच करत होता. मी त्याला माणसं देत होतो आणि तो ती कुठूनतरी आणत होता.

पण पहिल्या फेरीनंतर देखाव्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

तीन दहाला घंटा झाली आणि आम्ही सगळे स्पर्धक मागच्या जिन्यावर जाऊन बसलो. रणगाडेवाले वाळलेल्या आणि अर्धवट वाळलेल्या चिखलातल्या फरकावर बोलत होते. एकाने मला बिस्कीट दिलं. स्वयंपाकघरवाल्या बाई मला म्हणाल्या, माझ्यासारखं कर, माणसंच ठेवू नकोस, कोणी विचारत नाही कशी आली म्हणून. त्यांचं बरोबर होतं. मी पायरीवर बसून बिस्कीट खाल्लं. तेवढ्यात पंधरा मिनिटं गेली. ती इतर कुठल्याही पंधरा मिनिटांसारखीच होती, हे मी मुद्दाम नोंदवतो. काही जाणवलं वगैरे नाही.

आत आलो तर माझ्या बर्फात ठसे होते.

पाटाच्या कडेपासून सुरू झालेले. तिथून तिरपे चौकात आलेले, पोस्टमनला वळसा घालून, दिव्याच्या खांबाशी जरा रेंगाळून, सरळ बाकापर्यंत. बाकासमोर दोन ठसे शेजारी शेजारी, बाकीच्यांपेक्षा खोल, माणूस बराच वेळ एका जागी उभा राहिला की पडतात तसे. मग वळून, त्याच वाटेने, पाटाच्या कडेपर्यंत परत. जाताना अकरा, येताना बारा. मी खिशातून दुकानातली मोजपट्टी काढली. प्रत्येक ठसा साडेतीन मिलिमीटर. साडेतीन गुणिले बहात्तर म्हणजे पंचवीस सेंटिमीटर आणि थोडं वर. उजवा पाय बाहेर वळलेला.

मी दाराकडे गेलो. विणणाऱ्या बाईंना विचारलं, कोणी आलं होतं का.

"आला होता की एक," त्या म्हणाल्या. "तुझ्याच तोंडवळ्याचा, पण पोट असलेला. परीक्षक रणगाड्यांत अडकले होते तोवर कोपऱ्यात जाऊन आला. आधी त्या शेऱ्याची चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे येऊन म्हणाला, दात कोरायची काडी आहे का."

"तुम्ही दिलीत?"

"डॉक्टरांचं प्रदर्शन आहे, काड्या नसायला काय झालं." मग सुई थांबवून त्या म्हणाल्या, "मी म्हटलं त्याला, थांबा ना, सगळे येतीलच आता. तर त्याने विचारलं, फेरी किती वेळ असते. पंधरा मिनिटं, म्हटलं. म्हणाला, पुरेत."

मी रस्त्यावर जाऊन दोन्हीकडे बघून आलो. रस्ता दोन्हीकडे रस्त्यासारखा होता.

म्हणजे त्याला माहीत होतं. सात वर्षं आम्ही दोघं त्याच मागच्या जिन्यावर बसलो होतो. अख्ख्या दिवसात ज्या दोन वेळा मी आत नसणार हे छापील होतं, त्यातली एक त्याने निवडली. गाडीने चार तास येऊन. माझ्याच पाठवलेल्या पत्रिकेवरून.

इकडे वेगळाच घोळ सुरू झाला होता. दुसऱ्या फेरीत परीक्षकांना ठसे फार आवडले होते. माझ्या तक्त्यावर "ठसे अतिशय जिवंत" असं लिहून त्यांनी मला सर्वांत जास्त गुण दिले होते. आणि मग त्यांच्यातल्याच एकाने सकाळचा शेरा वाचला. एकाच टेबलाला, एकाच दिवशी, एकाच अक्षरात: ठसे नाहीत, आणि ठसे अतिशय जिवंत. अध्यक्षांनी जागच्या जागी बैठक बोलावली. रणगाडेवाले खुर्च्या घेऊन आले.

अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला. पहिल्या फेरीनंतर स्पर्धकाने स्वतः काम केलं असेल तर प्रवेशिका बाद. बाहेरच्या माणसाने छेडछाड केली असेल तर देखावा पूर्ववत करायचा आणि गुण कायम. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. दाढ काढण्यापूर्वी बोलतात त्या आवाजात ते म्हणाले, "हे बघ, तू बाहेर होतास हे सगळ्यांना माहीत आहे. कोणीतरी आगाऊ प्रेक्षक आला आणि त्याने काडी घातली, एवढंच लिहून दे. ही पूड घे, हा ब्रश घे. पाच मिनिटांत बुजवून टाक. पहिलं बक्षीस तुझं."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. चांगला ब्रश होता, मऊ केसांचा.

मी टेबलाशी गेलो. सगळे बघत होते. पुडीची चिमूट घेतली, वाकलो. बाकावर मी बसलेलो होतो, मांडीवर हात, दोन ठिपके, एक रेघ. समोर ते दोन खोल ठसे. इतक्या जवळून दिसलं की डाव्या ठशाची टाच जास्त दबलेली होती. म्हणजे तो नुसता उभा नव्हता, जरा मागे रेलून बघत होता. काडीच्या टोकाने त्याने एवढं काढलं होतं, परीक्षक बारा पावलांवर असताना.

मी पूड परत डबीत टाकली.

"ठसे मीच काढले," मी म्हणालो.

"हा तर माझ्या शेजारी बसला होता," एक रणगाडेवाला म्हणाला. "बिस्कीट खात होता." दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. मग तो म्हणाला, "मधे उठला असेल. मी चिखलाकडे बघत होतो."

"कोणी बाहेरचं आलं होतं का?" अध्यक्षांनी दाराकडे बघून विचारलं. विणणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, टाके मोजले आणि सांगितलं, की त्या वेळेचा टाका सुटलेला दिसतोय.

चिटणीसांनी लिहून घेतलं: दुसऱ्या फेरीदरम्यान सभागृहात बाहेरील कोणीही व्यक्ती आली नाही. स्पर्धकाने स्वतः नियमभंग केल्याचे मान्य केले. प्रवेशिका क्रमांक अठरा बाद. पहिलं बक्षीस एका रणगाड्याला मिळालं. त्याच्यावर बर्फ होता, बर्फावर चिखल होता.

पाट घरी आणताना मी रिक्षात मांडीवर आडवा धरला. वहिनीला मेसेज केला: "पोचला का?" बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "कोण?" मी लिहिलं, "कोणी नाही." तिने अंगठा पाठवला.

देखावा आता टेबलावर आहे, पट्टीच्या बरोबर वर, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मी रोज पुसतो, ठसे सोडून. सोमवारी दुकानातून अर्धी रजा घेऊन मंडळाला अर्ज दिला. चिटणीसांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि आवक क्रमांक टाकून पोच दिली. मजकूर असा:

प्रति, माननीय अध्यक्ष, लघुदेखावा मंडळ.

विषय: शनिवार दुपारी ३.१० ते ३.२५ ही वेळ पुन्हा घेण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, गेल्या शनिवारची दुपारी तीन वाजून दहा ते तीन वाजून पंचवीस मिनिटे ही वेळ मंडळाने आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, त्याच सभागृहात, पुन्हा आयोजित करावी. प्रवेशिका बाद ठरवण्याच्या निर्णयाबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. सदर वेळेत सभागृहात कोणीही आले नव्हते, ही इतिवृत्तातील नोंदही अर्जदारास मान्य आहे. मात्र फेरआयोजनाच्या वेळी स्पर्धकांस बाहेर थांबवण्याचा नियम एका स्पर्धकापुरता शिथिल करून, अर्जदारास टेबल क्रमांक अठराजवळ उभे राहण्याची परवानगी मिळावी. अर्जदार देखाव्यास हात लावणार नाही. अर्जदार स्वतःहून काही बोलणार नाही, आणि बोलण्याची वेळ आलीच तर तिसऱ्या वाक्याआधी थांबेल. परीक्षकांना रणगाड्यांपाशी नेहमीइतकाच वेळ लागावा, शक्य झाल्यास अधिक. तरी सदर पंधरा मिनिटे लवकरात लवकर मंजूर करून अर्जदारास व संबंधितास तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.